मारोतरावांचा नादारीचा अर्ज

हिंगोलीत कोर्टासमोर आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस आहे. तिथं मी वीस वर्षं टायपिंग करतोय. केसेस कधी ना कधी निकाली निघतात, फायली माळ्यावर जातात. पक्षकारांचे किस्से मात्र टेबलावरच राहतात! एकट्या मारोतरावांचे सांगायला बसलो तरी जेवणाची सुट्टी पुरत नाही.

मारोतराव आखाडा बाळापूरचे. मंडप, साउंड, जनरेटर असा धंदा. लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली आणि आधी काढलेलं कर्ज अंगावर राहिलं. चार वर्षं बँक आणि दोन सावकार मागं लागलेले. कुणीतरी सांगितलं, कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज कर, मोकळा होशील.

पहिल्या दिवशी आले ते मेव्हण्याच्या बोलेरोत बसून! साहेबांनी खिडकीतून गाडी बघितली.

"मारोतराव, नादार माणसानं एसटीनं यावं."

"एसटीत दोन्ही सावकार भेटून राह्यले, साहेब!"

*

साहेबांनी सगळं समजावलं. "नादार ठरलात की तगादा थांबेल. पण जनरेटर, स्पीकर, मंडप कोर्टाच्या ताब्यात. विकून येईल ते सगळ्यांना वाटतील."

मारोतराव मान डोलवत होते. "बराबर हाय. नेऊ द्या."

"आणि ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही."

मारोतराव ताडकन उठले. "मंग घरी इचारून येतो!"

आले ते दोन महिन्यांनी.

*

मालमत्तेची यादी करायची होती. त्या दिवशी सोबत बायको, कांताबाई.

साहेब म्हणाले, "ताई, सोनं किती आहे तेही सांगा."

"ते बँकेत जाऊन तीन वर्षं झाली! आता माझ्याकडं हे एकलेच राह्यले." त्यांनी नवऱ्याकडं बोट केलं. "लिवा यादीत. कुणी घेतलं तर पाहा!"

ऑफिसातले आम्ही सगळे हसलो. मारोतराव हसले नाहीत. जरा वेळानं कांताबाईंनीच पाण्याचा ग्लास त्यांच्या पुढं सरकवला.

*

मग देणं कुणाकुणाचं, त्याची यादी. बँक झाली, सावकार झाले. शेवटी मारोतराव म्हणाले, "शेखचाचा लिवा. पाच हजार."

शेखचाचा त्यांचे जुने साउंड ऑपरेटर.

"कागद आहे?"

"न्हाई."

"मागायला येतात?"

"वारले ते. मागल्या साली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कागद नाही, माणूस नाही. मग कशाला लिहायचं?"

"पैसे दिल्याचं त्यायनं कुणाला सांगितलं न्हाई म्हणून."

साहेब माझ्याकडं वळले. "टाईप कर."

*

अर्ज तयार झाला. तिकिटं लावली, सहीच्या जागी फुल्या मारल्या. सोमवारी मारोतराव आले, खुर्चीत बसले, पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"फाडून टाका, साहेब."

साहेब भडकले. "सहा महिने घातलेत माझे! कर्ज फिटलं का?"

"न्हाई."

"सावकारांनी सोडून दिलं?"

"न्हाई. सकाळीच येऊन गेले."

"मग झालं काय?"

मारोतरावांनी अर्ज साहेबांकडं सरकवला.

"चार वर्षं झाली साहेब, बाळापुरात मला कुणी काडीपेटीबी उधार दिली न्हाई. काल बाजारात चहा पेलो. पैसे काढायला खिशात हात घातला, तर हॉटेलवाला म्हनला, ऱ्हाऊ द्या मारोतराव, लिहून ठेवतो!"