मिरवणूक आणि माझा डावा कान

लष्करात वीस-बावीस वर्षं मी हेलिकॉप्टर उडवलं. बर्फात उडवलं, धुक्यात उडवलं, आपल्या घराच्या अंगणाएवढ्या जागेत उतरवलं आणि जखमी जवान आत घेऊन तिथूनच परत उचललं. निवृत्ती जवळ आली तेव्हा मला सांगण्यात आलं, की तुम्हाला हेलिकॉप्टर चालवता येतं की नाही हे मुलकी खात्याला अजून ठाऊक नाही, तेव्हा परीक्षा द्या. घ्या!

हे काही माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. लष्करी वैमानिकाला बाहेर नोकरी करायची तर मुलकी लायसन लागतं, आणि ते आपोआप मिळत नाही. नियमांचा पेपर, हवामानाचा पेपर, ज्या ज्या युनिटमध्ये उडवलं तिथले शिक्के, आणि शेवटी डोळे-कान-छाती सगळ्याची तपासणी. पहिल्या पेपराला गेलो तेव्हा रांगेतल्या एका पोरीनं मला फार आदबीनं विचारलं, "अंकल, पालकांना बसायला खाली जागा आहे, सांगितलं नाही का कुणी?" हवामानाच्या पेपरात तर मी चक्क नापास झालो. पुढं असा असा ढग दिसतोय, काय कराल, असा प्रश्न होता. मी जे आयुष्यभर करत आलो आणि ज्याच्यामुळं जिवंत आहे, तेच उत्तर कॉम्प्युटरवर दाबलं. मशीननं ते चूक धरलं. दुसऱ्या वेळी पुस्तकातलं घोकून गेलो आणि पास झालो. इतका चरफडलो होतो त्या दिवशी, की पास झाल्याचा आनंदसुद्धा झाला नाही.

आमच्या बॅचवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. पूर्वी त्यावर पोरांचे फोटो नि जुने किस्से यायचे. निवृत्तीचं वय आलं तसं दिवसभर एकच चर्चा. कुणाची फाईल कुठं बसली, कुठली कंपनी माणसं घेतेय, कोणत्या साहेबाला फोन करावा. वैतागलेले सगळे तिथं बोलत असतात. ज्याला नोकरी लागली तो गप्प होतो, आणि तो गप्प झाला की बाकीचे ओळखतात, ह्याचं काम झालं. मलाही लवकर गप्प व्हायचं होतं. आणि माझं जमत आलं होतं. डोंगरातल्या देवस्थानांना भाविक नेणाऱ्या एका कंपनीनं मला जागा देऊ केली होती. अट एकच, सीझन सुरू व्हायच्या आत लायसन हातात पाहिजे. पेपर झाले होते, शिक्के झाले होते. राहिली होती फक्त पुण्याची वैद्यकीय तपासणी, आणि तिची तारीख मिळता मिळता नाकी नऊ आले होते. ती तारीख नेमकी मी निवृत्त होऊन घरी आल्यानंतरच्या मंगळवारी पडली.

बाकी सगळ्याची मला खात्री होती. भीती होती ती कानांची. हेलिकॉप्टरवाल्याचे कान म्हणजे जुना टायर, कितीही जपा, झिजलेलाच असतो. म्हणून शुक्रवारी कायमचा गावी परतताना आधी मिरजेला जाऊन एका कानाच्या डॉक्टरांकडं आधीच तपासून घेतलं. काचेच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. डॉक्टर म्हणाले, "उजवा चांगला आहे. डावा अगदी काठावर आहे, पण पास व्हाल. फक्त तपासणीपर्यंत कानाला विश्रांती द्या. मोठा आवाज अजिबात नको. लग्नाच्या वरातीतसुद्धा जाऊ नका." मी हसलो आणि मिरजेहून गाडी पकडून आमच्या तालुक्याला, कोरेगावात उतरलो. त्या गाडीत मी जितका खुश होतो तितका त्यानंतर झालो नाही.

घरी आलो तर थोरला भाऊ ओसरीवर वाट बघत उभा. हा माझा भाऊ म्हणजे स्वतः निवृत्त फौजी. पायदळात जवान होता, आता गावाकडची उसाची शेती तोच बघतो. आमच्या भागात फौजेतून कुणी कायमचं घरी आलं की गाव त्याची मिरवणूक काढतं. उघडी जीप, फेटा, दारोदार रांगोळ्या, बायकांचं ओवाळणं. हे मला माहीत होतं आणि मी त्याला तयारही होतो.

"रविवारी मिरवणूक हाय," भाऊ म्हणाला. "सांगलीचा डीजे सांगितलाय. लय जोरात हाय गड्या. आवाज पार कोरेगावात गेला पायजे."

मी लगेच म्हणालो, "दादा, मंगळवारी माझ्या कानाची तपासणी हाय. डीजे नगं. हलगी लाव, लेझीम लाव, पायजे तर बँड लाव."

"हलगी काय, सगळेच लावत्यात. तू पायलट हायस."

"आरं पण कान..."

"तपासणी मंगळवारी हाय न्हवं? मिरवणूक रविवारी हाय. मदी आख्खा सोमवार हाय की!"

खराब हवेत उडायला मी एकदा जनरलसाहेबांना तोंडावर नाही म्हणालो होतो. साहेब लालबुंद झाले, मी ढिम्म हललो नव्हतो. पण थोरल्याला काही मला नाही म्हणता येईना. गावभर फलक लागले होते. डावीकडं माझा युनिफॉर्ममधला फोटो, मागं हेलिकॉप्टर, आणि तेही चुकीचं, आम्ही कधी न उडवलेलं. रविवारची तारीख फलकावर छापलेली होती. पुण्याची तारीख पुढं ढकलावी असंही डोक्यात आलं, पण नवीन तारीख मिळेपर्यंत सीझन अर्धा संपला असता.

माझी बायको आटपाडीची, सरळ बोलणारी. ती म्हणाली, "तुम्हांला बोलता येत नसेल तर मी सांगते दादांना." मी म्हणालो, नको, कापूस घालतो कानात. तिनं दोन घट्ट बोळे करून दिले आणि रविवारी सकाळी मी ते कानात नीट बसवले. फेटा बांधणाऱ्याला हळूच म्हणालो, जरा कानावरून घे. त्यानं घेतला. एवढ्यात भाऊ आला, लांबून बघितलं आणि ओरडला, "आरं, कानावर फेटा? म्हातारा दिसतुयास की! वर घे." फेटा वर गेला आणि कापूस उघडा पडला.

भावाचा चेहराच बदलला. "कानात बोळं? आरं, बोळं मयताला घालत्यात! आज चांगल्या दिवशी? शानपण न्हाई व्हय तुला?" आणि त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही बोळे उपसून फेकून दिले. शेजारी आत्या उभी होती, तिनं लगेच माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. कानात कापूस म्हटल्यावर आपल्याकडं माणसाला तेच आठवणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. युनिटमधले ते पिवळे फोमचे प्लग तरी घेऊन यायचे! हेलिकॉप्टरच्या जवळ उघड्या कानानं येणाऱ्या जवानाला मी आयुष्यभर झापत आलो, आणि आता मीच उघड्या कानानं जीपमध्ये चढलो.

डीजेची रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढं ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीवर माणूसभर उंचीची स्पीकरची भिंत, आणि तिचं तोंड मागं. मागं पोरं नाचतात. पोरांच्या मागं उत्सवमूर्तीची जीप. म्हणजे सगळ्या आवाजाचा नेम माझ्यावर. पहिला ठोका पडला तसा जीपचा आरसा थरथरायला लागला. देशभक्तीचं एक गाणं, मग नाचायचं एक, मग परत देशभक्ती. मी दोन्ही हात जोडून उभा. कान झाकायला हात मोकळा नाही, कारण एकसारखा नमस्कार चाललेला. मधेच भाऊ चालत्या जीपवर चढला, माझ्या खांद्यावर हात टाकून काहीतरी ओरडला. मला काहीच ऐकू आलं नाही. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते, म्हणून मीही मान हलवली. शाळेपासून देवळापर्यंतचा रस्ता, एरवी चालत पाच मिनिटांचा, दुपारपर्यंत संपला नाही.

सोमवारी डाव्या कानात नुसती रातकिड्यांची किरकिर. बायको काय बोलतेय ते उजवा कान तिच्याकडं करून ऐकावं लागत होतं. तरी मी स्वतःची समजूत घालत होतो, अरे ऐकू येतंय की, सवयीचं आहे. मंगळवारी पुण्याला त्या काचेच्या खोलीत बसलो. शिट्टी वाजली असेल असं वाटून दोनदा बटण दाबलं, तेव्हा वाजलीच नव्हती. वाजली तेव्हा मी नुसता वाट बघत बसलो होतो. बाहेरून तपासणाऱ्या बाईंनी हात वर करून थांबवलं. "सर, परत एकदा घेऊ या." परत घेतलं. तेच. तात्पुरते अपात्र, तीन महिन्यांनी या.

कंपनीला फोन केला. ते अतिशय गोड बोलले, म्हणून तर जास्त राग आला. "सर, तुमच्यासारखा अनुभव कुठं मिळतो! पुढच्या सीझनला नक्की बघू." माझी जागा गेली एका पोराला, ज्याला डोंगरात उतरायचं मीच शिकवलं होतं. त्यानं फोन केला, तोही अवघडून. "सर, तिथं संध्याकाळी वारा कसा असतो?" मी त्याला सगळं नीट सांगितलं आणि फोन ठेवल्यावर पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला. बायको आली, पोचा पडलेला तांब्या उचलला आणि म्हणाली, "भिंतीला काय मारताय? ज्यांना सांगायचंय त्यांना सांगा."

मी कुणालाच सांगितलं नाही. गावात सगळे विचारत, काय साहेब, कवा उडताय? मी म्हणायचो, कागदं अडकल्यात. कागदं अडकली म्हटलं की आपल्याकडं कुणी पुढं विचारत नाही. भाऊ मात्र रोज विचारायचा, आणि रोज सरकारला शिव्या घालायचा. त्या शिव्या ऐकताना माझा संताप दुप्पट व्हायचा. ओरडावंसं वाटायचं, की आरं बाबा, सरकारनं काही केलेलं नाही, तू केलंयस! माझ्या चांगल्या चाललेल्या कामात तू ट्रॅक्टर घातलास! तीन महिने मी त्याच्याशी धड बोललो नाही. ग्रुपवर मात्र मी सगळ्यांत जास्त बडबडत होतो.

तीन महिन्यांनी पुण्याला जायच्या आधी परत मिरज गाठलं. उजवा कान पूर्ववत झाला होता. डावा नाही झाला. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. "हा आता वर येणार नाही. ह्या कानावर मुलकी लायसन मिळणं अवघड आहे."

"त्या डीजेमुळंच ना?" मिरवणुकीचं सांगून मी विचारलं. मला त्यांच्या तोंडून हो ऐकायचं होतं, अगदी मनापासून ऐकायचं होतं.

"ते कसं सांगू? वीस वर्षं हेलिकॉप्टरनं झिजवलाय. काठावर होता, ढकलला गेला. वर्षभरानं आपोआपही गेला असता, किंवा नसताही. कुणाचा वाटा किती, हे मशीन सांगत नाही."

च्यायला, म्हणजे राग धरायचा तर तोही पुरता धरता येईना. तरी कोरेगावात उतरताना मी ठरवलं, आज थोरल्याला सांगायचंच. वाक्यसुद्धा तयार केलं. दादा, तुझ्या डीजेनं माझं उडणं गेलं. एवढंच. पुढं जे होईल ते होईल.

भाऊ उसाला पाणी पाजत होता. मला बघून बांधावर येऊन बसला. मी त्याच्या डाव्या अंगाला बसलो, म्हणजे उजवा कान त्याच्याकडं राहील. तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

"लय दिस झालं, तू माज्याशी बोलत न्हाईस. मिरवनुकीचं तुला आवडलं न्हाई, म्हाईत हाय मला. साहेब मानूस तू, तुला धांगडधिंगा कशाला आवडंल? पर तुला एक सांगतो. मी रिटायर होऊन आलो तवा एस्टीनं कोरेगावला उतरलो. पुढं गाडी न्हवती. ट्रंक डोस्क्यावर घेतली आन चालत आलो. पारावर एक म्हातारा बसला हुता. म्हनला, सुट्टीवर आलास व्हय? म्या म्हनलं, न्हाई, कायमचा आलो. त्यो म्हनला, बरं. आन तंबाखू मळाय लागला."

तो थोडा हसला. "सतरा वर्सं. आन, बरं. तवाच ठरवलं, माजा भाऊ यील तवा आख्ख्या तालुक्याला ऐकू गेलं पायजे. जीपवर चढून तुला त्येच सांगत हुतो त्या दिवशी."

राग गेला म्हणावं तर तसंही नाही, राग होताच, तो आजही आहे. पण ह्या माणसाला मी काय सांगू? की तू मला जे दिलंस त्यानंच माझं गेलं? त्याला ते पेललं नसतं. आणि खरं सांगायचं तर, मलाही पेललं नसतं.

"ती कागदं नेमकी कुठं अडकल्यात रं?" त्यानं विचारलं.

"दिल्लीला."

"दिल्लीच्या आयला त्येच्या!" त्यानं खच्चून शिवी हासडली आणि चिखलाच्या हातानं माझी पाठ थोपटली. "यील गड्या. लायसन यील. आन आलं की बघ, ह्येच्या डबल डीजे लावतो का न्हाई."

"लाव," मी म्हणालो.