साळवेने जोडलेली लाल गाडी

कारखाना बंद पडला की मशीनं भंगारवाला घेऊन जातो, शेड दुसरा कोणीतरी भाड्याने घेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते ज्याचे त्याला घरी आणावे लागतात. माझ्याकडे असा ढीग साठलाय. चार मित्र जमले की एखादा काढतो, लोक हसतात, चहा संपतो. आज सगळेच काढतो. सगळे हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याला, तुर्भ्याच्या बाजूला आमचा खेळण्यांचा कारखाना होता. प्लॅस्टिकच्या छोट्या विटा बनायच्या. एकीवर एक दाबली की खटकन बसायची. पोरांनी त्याची घरं करावीत, एवढीच अपेक्षा. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो.

एक दिवस शेठ परदेशातून परत आले ते एका मासिकाचं पान घेऊन. पानावर लाल रंगाची, जमिनीला चिकटलेली, दारं पंखांसारखी वर उघडणारी गाडी. शेठ म्हणाले, "ही सुपरकार आपल्या विटांची बनवायची. नुसती दिसायला नाही, चालायला पाहिजे! स्टिअरिंग फिरलं पाहिजे, गिअर पडले पाहिजेत. फॉरेनच्या पार्टीला दाखवायचीय."

आमच्या फॅक्टरी मॅनेजर दातेसाहेबांची स्वतःची गाडी दोन माणसांनी धक्का दिल्याशिवाय सुरू होत नसे. त्यांनी ते पान आदराने घेतलं आणि साळवेच्या हातात दिलं. साळवे आमचा फिटर, परभणीकडचा, आयटीआय झालेला. त्याने पान बराच वेळ पाहिलं.

"साहेब, हिच्यात माणसं किती बसतात?"

"दोन."

"मंग येवढी लांब कशाला?"

दातेसाहेबांनी शेठकडे पाहिलं. शेठनी घड्याळाकडे पाहिलं.

*

गाडी वळताना मागची दोन्ही चाकं सारखी फिरत नाहीत, बाहेरचं जास्त फिरतं. त्यासाठी डिफरेन्शियल लागतो. हे मी साळवेला कागदावर समजावून सांगितलं. त्याला काही पटलं नाही. म्हणाला, "राणे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपल्याला कळत नाय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो गायब! रस्त्याच्या कडेला एक ट्रक थांबला होता, त्याच्याखाली साळवेचे पाय दिसत होते. खाकी पँट, खिशाला पेन, हातात वही. ट्रकवाल्याने एकच अर्थ काढला. साळवे बाहेर आला तोवर त्याने चहा मागवला होता आणि गाडीची सगळी कागदपत्रं बॉनेटवर मांडून ठेवली होती. "साब, सब ओके है ना?"

साळवेने चहा प्यायला. म्हणाला, "पीछे का ऑइल लीक है. करा लेना."

आठवड्यात विटांचा डिफरेन्शियल तयार झाला. मी इंजिनीअरिंग ड्रॉइंगचा माणूस, पण तो हातात घेऊन फिरवला तेव्हा पहिल्यांदा मला खरा कळला.

*

अशा गाडीला वीट घट्ट लागते. एक ढिली निघाली की सगळा गिअरबॉक्स हलतो. विटा निवडायला हिराबाई होती. जवळच्या दिवाळे गावची कोळीण, पन्नाशीला आलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. दोन विटा जोडायची, अंगठ्याने सोडवायची आणि घट्ट ती डावीकडे, ढिली ती उजवीकडे. हात थांबत नसे.

दातेसाहेबांनी विटांचं माप तपासायला बाहेरून एक महागडा गेज मागवला. गेजने पास केलेली वीट हिराबाईने फेकून दिली.

"अगं, गेज ओके दाखवतोय!"

"ढिली हाय."

"पण गेज..."

"मंग त्या गेजलाच सांगा गाडी जोडाला!"

गेज नंतर दातेसाहेबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून राहिला.

*

आता ब्रेकची गोष्ट. साळवे टेम्पररी होता. टेम्पररी माणसाने सलग आठ-नऊ महिने भरले तर तो पक्क्या नोकरीवर हक्क सांगेल, म्हणून त्याआधीच त्याला काही दिवस घरी बसवायचं आणि मग नवीन कार्ड द्यायचं. याला ब्रेक म्हणायचे. साळवेने असे तीन ब्रेक खाल्ले होते. त्याला नेरूळला एक खोली मिळत होती, वन रूम किचन, हप्त्याने. अर्जाला पर्मनंट असल्याचं पत्र जोडायचं होतं. बायको, दोन मुली आणि आई, सगळे तुर्भ्याला पत्र्याखाली राहायचे. त्या एका पत्रासाठी तो जीव टाकत होता.

चौथा ब्रेक नेमका गिअरबॉक्सच्या मध्यात आला. साळवे घरी आणि तिसरा गिअर अडकला! दातेसाहेबांनी स्वतः जोर लावला, दांडाच हातात आला. मग जीप पाठवून साळवेला आणलं. गेटवर वॉचमन म्हणाला, "कार्ड संपलंय. आत सोडता येणार नाही." दातेसाहेबांनाही नियम मोडवेना. कारण नियम त्यांचाच!

शेवटी गिअरबॉक्स ट्रेमधून गेटवर नेला. साळवेने गेटबाहेर स्टुलावर बसून तो दुरुस्त केला. तिसरा गिअर आत पडला, साळवे बाहेरच राहिला. पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये 'येण्याचं कारण' या रकान्यात वॉचमनने लिहिलं: गाडी दुरुस्ती.

आम्ही तेव्हा खूप हसलो. साळवेही हसला. आता आठवलं की वाटतं, त्याच्याबरोबर आम्ही हसायला नको होतं.

*

गाडी पूर्ण झाली. साळवेचे पाच महिने आणि हजाराच्या वर विटा. स्टिअरिंग फिरायचं, गिअर पडायचे, दारं वर उघडायची. फक्त डावं दार वर राहत नव्हतं. नेमका त्याच दिवशी ब्रोशरसाठी फोटोग्राफर आला.

शेठ, दातेसाहेब, सेल्सचे दोघं, सगळे टाय लावून गाडीमागे उभे. दार काही थांबेना. दातेसाहेब म्हणाले, "साळवे, टेबलाखाली बस आणि हाताने धर." साळवे बसला. फोटोत साळवे आलाच नाही, आला तो फक्त हात.

हिराबाई फोटो बघून म्हणाली, "हात कोनाचा तो आमाला माहीत हाय ना!"

ब्रोशर छापून आलं तेव्हा हातही नव्हता. आर्टिस्टने ब्रशने पुसून टाकला होता. दार मात्र वरच होतं.

*

यानंतर दातेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "राणे, ही गाडी फक्त साळवेच्या डोक्यात आहे. उद्या त्याला काही झालं तर? कागदावर आली पाहिजे. कागद पूर्ण झाले की तू सीनियर ड्राफ्ट्समन. आणि साळवेचंही पक्कं करून टाकू."

गाडी कागदावर आणायची एकच रीत होती. जोडलेली गाडी साळवेने एकेक वीट करून सोडवायची आणि मी शेवटापासून सुरुवातीकडे चित्रं काढत जायची. दीड महिना आम्ही शेजारी बसून ते केलं. अक्षर एकही नाही, नुसती चित्रं.

कॅन्टीनमध्ये एका जुन्या कामगाराने साळवेला बजावलं, "डोक्यातलं कागदावर देऊ नको रे. तुझं डोकं आहे तोवर तू आहेस."

साळवे म्हणाला, "कागद राणे काढतोय. राणे आपला माणूस हाय."

*

कागद बरोबर आहेत का, हे कसं ठरवायचं? ज्याने गाडी कधी जोडली नाही आणि ज्याला वाचता येत नाही, त्याने जोडून दाखवायची. म्हणजे हिराबाई! सकाळी आठला बसली. चित्र बघायची, वीट बघायची, कपाळाला आठी घालायची. संध्याकाळी सायरनच्या आधी गाडी उभी. साळवेने टाळ्या वाजवल्या. "हिरामावशी, तू तर इंजिनेर झालीस!"

दातेसाहेब दारात उभे होते. म्हणाले, "वा! म्हणजे आता कोणालाही जमेल."

त्या शनिवारी साळवेचं कार्ड संपलं. सोमवारी नवीन मिळालं नाही. मी केबिनमध्ये विचारायला गेलो. खरं सांगतो, दारापर्यंत गेलो आणि परत आलो. माझ्या प्रमोशनची ऑर्डर टाइप व्हायची होती.

हिराबाई रोज विचारायची, "साळवेभाऊ कदी येनार?"

मी सांगायचो, "येतील."

*

हा शेवटचा मी सहसा सांगत नाही.

फॉरेनची पार्टी आली, एक उंच गोरा माणूस. त्याला गाडीपेक्षा कागदांत रस होता. त्या कागदांवरून साधा माणूस गाडी जोडू शकतो का, हे त्याला पाहायचं होतं. शेठ म्हणाले, "आमची एक अडाणी बाई जोडून दाखवेल. गिअरबॉक्स, आत्ता, तुमच्यासमोर!"

हिराबाईला टेबलाशी बसवलं. पुढ्यात विटांचा ट्रे, हातात माझे कागद. तिने कागद उलटा धरला. बराच वेळ बघितला. एक वीट उचलली, परत ठेवली.

"मना नाय समजत काय," ती म्हणाली. "साळवेभाऊंना बोलवा."

शेठनी विचारलं, "साळवे कोण?"

दातेसाहेबांना घाम फुटला. "टेम्पररी होता सर. फिटर. त्यानेच... इथे तुर्भ्यालाच राहतो. जीप पाठवतो. आजच बोलावता येईल."

गोऱ्या माणसाने माझे कागद उचलले, चाळले, नकारार्थी मान हलवली आणि परत हिराबाईपुढे ठेवले. शेठ माझ्याकडे बघायला लागले.

"साहेब, तिला येतं!" मी ओरडलो. "अख्खी गाडी जोडलीय तिने! एकटीने, एका दिवसात, माझ्या ह्याच कागदांवरून!"

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. मग कागद सरळ केला, ट्रे पुढे ओढला आणि मान खाली घालून जोडायला लागली. तासाभरात गिअरबॉक्स झाला. दांडा सरकवला, चारही गिअर पडले. गोऱ्या माणसाने टाळ्या वाजवल्या. दातेसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

हिराबाई उठली. कागद माझ्यापुढे ठेवले.

"घे राणेभाऊ," ती म्हणाली. "तुजे कागद बरोबर हायेत."