महाबळेश्वरचा आठवडा देऊन मिळालेलं अंबड

सुट्टीतून मला एकच गोष्ट हवी होती: आठवडाभर कोणासाठीही चहा टाकायचा नाही. नवीन जालन्यात स्टेशनजवळ घर असलं की गाडीला वेळ असलेला प्रत्येक नातेवाईक आपल्याच सोफ्यावर बसतो. बँकेतून आले की माझी दुसरी पाळी ओट्यापाशी सुरू.

नवरा, संजय, विकणाऱ्यांच्या फुकटच्या जेवणाला भुलून टाइमशेअर घेऊन बसलाय. वर्षातला एक आठवडा रिसॉर्ट आपलं. जा किंवा नका जाऊ, देखभालीची फी भरायचीच, आणि ती दरवर्षी वाढते. आमचा आठवडा महाबळेश्वरचा, भर पावसातला. एकदा गेलो तर चादरी बाहेरच्या धुक्यापेक्षा ओल्या. मग कळलं, आठवडा बदलून दुसरीकडे जाता येतं. त्याची फी वेगळी. आणि पावसाळी आठवड्याच्या बदल्यात दिवाळीतलं गोवा कोणी देत नाही, हे घेणाऱ्यांनी आधीच ओळखून असावं.

यंदा आठवडा बुडायची वेळ आली. संजयला शिळी पोळीसुद्धा वाया गेलेली सोसत नाही. उरलेलं एकमेव ठिकाण त्याने डोळे मिटून घेतलं: ‘निसर्गरम्य, ग्रामीण, उसाच्या सान्निध्यात.’ नकाशा नंतर उघडला. अंबड तालुका, आमच्याच जिल्ह्यातला!

"पैसे परत मिळत नाहीत," तो म्हणाला. "आणि तिथं आपल्याला ओळखतं कोण?"

"तुझी सख्खी बहीण."

"तिला सांगायचंच नाही."

शनिवारी निघालो. रस्ता चांगला आहे, पण ऊसतोडीच्या दिवसांत अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या पुढे लागल्या की मुकाट मागे चालायचं. तरीही बॅगा भरायला लागला त्याहून कमी वेळात पोहोचलो.

मॅनेजर इम्रानभाई हात पसरून म्हणाले, "पूरा रिसॉर्ट आपकाच है मॅडम. दुसरं कोणी न्हाईच. फक्त गरम पाणी जल्दी घ्या, नंतर येत न्हाई." चादरी मात्र कोरड्या होत्या, पिठलं-भाकरी झकास आणि नाश्ता फीमध्येच. देखभालीत महाबळेश्वरपेक्षा अंबड बिलकुल सरस, हे मी कबूल करते. दुपारी झोपाळ्यावर पडले. कोणी हाक मारली नाही. मला इतकं बरं वाटलं की रडूच येईल असं झालं.

तेवढ्यात संजयने रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाकाठी पाय सोडून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. ठिकाणासकट.

सुमनताईंचा, म्हणजे नणंदबाईंचा, लगेच फोन. "आमच्या शिवारात आलात अन् घरी जेवायला न्हाई? आमचं काय चुकलं?"

संजय गडबडला. "तसं नाही ताई. तुम्हीच या की इकडं!"

रविवारी जीपभर माणसं उतरली, एरवी गाडीच्या वेळेआधी आमच्या सोफ्यावर बसणारीच. ताई, दाजी, पोरं, दाजींचे भाऊ, भाकऱ्यांची चवड आणि ठेच्याचा डबा. दाजींनी हिरवळीवर फेरी मारली. "एवढी फी घेतेत अन् गवताला पाणी घालून राह्यले? इतक्या पाण्यात माझी मोसंबी जगंल की." मग खुर्ची ओढून बसत ते म्हणाले, "लई मोकळं वाटून राह्यलं. आजची रात्र राहतोच आम्ही."

पंधरा मिनिटांत मी खोलीतल्या इवल्याशा किटलीवर चहा करत होते. दोन कप झाले की पुन्हा पाणी, पुन्हा दोन कप. तिसऱ्या खेपेला माझा संताप अनावर झाला आणि त्याबरोबर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या घरी येणारी सगळी माणसं इथं होती. म्हणजे घर रिकामं होतं!

मी किटली संजयच्या हातात दिली. "मी माझा आठवडा बदलून घेतला. जालन्याला चालले."

आता ताई रुसणार, हे मी धरूनच चालले होते. त्या उठल्या, पदर खोचला आणि हळूच म्हणाल्या, "मला बी ने."

"अगं, मंग आमच्या जेवणाचं?" दाजी ओरडले.

"इम्रानभाईला विचारा. फी घेतेत ना?"

आम्ही दोघी गाडीत बसलो तेव्हा मागे चौघे बाप्ये किटलीचं झाकण उघडायची खटपट करत होते.

घरी आल्यावर ताईंनी पहिला नियम केला: कोणी कोणाला काही विचारायचं नाही. त्या दुपारभर झोपल्या, मी हॉलमध्ये लोळत पुस्तक वाचलं. भूक लागली तेव्हा भेळ मागवली आणि कागदातच खाल्ली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई इतकी थकलेली असते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी रजा टाकलेलीच होती, त्यामुळे आम्ही शुक्रवारपर्यंत अशाच राहिलो.

परतल्यावर संजय म्हणाला, "विकून टाकू हे लचांड. कोण भरणार फी?"

ताईंना कळायला वेळ लागला नाही. फोन करून त्या म्हणाल्या, "विकू नको म्हणावं त्याला. अर्धी फी मी देते. फक्त पुढच्या टायमाला ह्या बाप्यांसाठी जरा लांबचं बघ."