वाघानं हुंगून सोडलेली बुधरी

सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला पाठ लावून बसलेल्या एका लहान गावात बुधरी नांदायला आली, त्याला चाळीसेक वर्षं झाली. बाहेरगावचा पाहुणा आला की लोक त्याला हमखास तिच्या अंगणात आणत. बुधरी पदर जरा सरकवी, डाव्या खांद्यावरचे लांब व्रण दाखवी आणि गोष्ट सांगे.

भर पावसात ती वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढायला एकटी गेली होती. समोर वाघ उभा. पळायला वाट नाही. तिनं खाली बसकण मारली, टोपली डोक्यावर उपडी घेतली आणि श्वास धरला. वाघानं भोवती फेरी मारली, टोपली हुंगली, जाता जाता खांद्यावर पंजा ओढला आणि आपल्या वाटेनं निघून गेला.

यातला पाऊस खरा होता, वास्तेही खरे होते. वाघ नव्हता. वनखात्याच्या रोपवनात ती चोरून शिरली होती. गार्डाची शिट्टी ऐकून कुंपणाखालून निसटताना काटेरी तारेनं खांदा फाडला. तार म्हटलं असतं तर चोरी उघडी पडली असती, म्हणून वाघ म्हटलं. नवरा रडला, वैदूकडे धावला, आणि ती गोष्ट खरी धरूनच पुढे म्हातारा होऊन वारला. ज्या नव्या सुनेला पाणवठ्यावर कुणी विचारत नव्हतं, तिला बाया सरकून जागा देऊ लागल्या. कुणाचं काही बिघडलं नाही. हळूहळू गोष्टीत वाघाच्या तोंडाचा वासही आला, आणि तो वास बुधरीला कधीकधी खरोखर आठवे.

यंदा मोहफुलं पडायच्या तोंडावर शेजारच्या शिवारात गवत कापायला बसलेला माणूस वाघानं नेला. गार्ड प्रवीण गावात आला, सगळ्यांना शाळेपुढे बसवलं. जंगलात जाऊ नका, असं त्यानं आधी सांगितलं. ऐकणार नाहीत हे माहीत असल्यामुळे मग म्हणाला, गेलात तर घोळक्यानं जा, एकमेकींना आवाज देत राहा आणि वाघ दिसला तर काही झालं तरी खाली बसू नका. बसलेला, वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो.

म्हातारा लटारू मागून बोलला, "गार्डसाहेब, आमची बुधरीबाई तं बसूनच वाचली. तुमचं टरेनिंग मोठं का तिचा खांदा मोठा?"

सगळे हसले. प्रवीणही हसला. माना बुधरीकडे वळल्या. हीच वेळ होती. तिनं तोंड उघडलं. पण पुढ्यात तिची सून मंगली बसली होती, लग्नाला वर्ष न झालेली, आणि सासूकडे अशा कौतुकानं बघत होती की बुधरीनं शब्द फिरवला. "ज्याचं त्याचं नशीब," एवढंच ती म्हणाली.

वाघाचं भय गावात सगळ्यांनाच होतं. त्या दिवसापासून बुधरीला टोपलीचं भय होतं. बाजारातून मंगलीनं नेहमीपेक्षा मोठी टोपली आणली, तेव्हा तर तिच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं.

"एवढी मोठी कायले आनली?" तिनं विचारलं.

"खांदे बी झाकले पायजे ना, आत्या. तुमचा तेवढा उघडा राह्यला," मंगली म्हणाली आणि हसली.

सांगते, आज सांगते, असं म्हणत बुधरीनं मोहाचा पहिला दिवस गाठला. उजाडताना चार बाया निघाल्या. वाटभर ती सुनेच्या मागे चालली. दोनदा तिला हाक मारली आणि दोन्ही वेळा पायाखाली बघ, एवढंच सांगितलं.

ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं. बाया पांगल्या. फुलं वेचता वेचता एकीनं "हूऽ" करायचं, बाकीच्यांनी ओ द्यायची. ओ आली नाही तर सगळ्यांनी तिकडे धावायचं. बुधरीनं आवाज दिला. दोघींची ओ आली. मंगलीची आली नाही. वर माकडं वाघ दिसल्यासारखी खाकरू लागली.

बुधरी धावली. मोहाखालच्या झाडून काढलेल्या मोकळ्या जागेत मंगली बसली होती. गुडघे पोटाशी, टोपली खांद्यापर्यंत उपडी. गोष्टीतल्यासारखी, तंतोतंत. पलीकडे बांबूच्या रांजीत, म्हणजे दाट बेटात, पिवळं काहीतरी जमिनीलगत दबलं होतं आणि त्याची शेपटी हलत होती.

"मंगले, ऊठ! वाघ नोयता. तारेनं फाटला माया खांदा. खोटं बोलली मी, ऊठ!"

टोपली हलली नाही. बुधरीला वाटलं, संपलं. मग तिनं टोपलीला हात घालून ती भिरकावली, पोरीला दंडानं ओढून उभी केली आणि दोघी गळा फाडून ओरडत राहिल्या. बाकीच्या बाया कुऱ्हाडीनं डबे बडवत आल्या. रांजीतलं पिवळं उठलं, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि आत गेलं.

गावात शिरेपर्यंत बुधरीनं वाघाला दुसऱ्यांदा हाकललं, अशी बातमी झाली होती. तिनं लटारूला, बायांना, साऱ्यांना सांगितलं: तार होती, रोपवनाची तार. लटारू म्हणाला, "पोरीले उठवाले खोटं बोलली ते ठीक हाय. आता काऊन बोलतं, बाई?" ती चिडली, शपथ घेतली. लोक अजूनच हसले. एवढी वर्षं जिनं वाघ पटवून दिला, तिला तार काही पटवता येईना.

एकट्या मंगलीला पटलं. ती घरात भिंतीला टेकून उभी होती. जंगलातून आल्यापासून ती बसलीच नव्हती.

"आत्या," ती म्हणाली, "माया मायले सांगतली हाय मी हे गोष्ट. तिथच्या बायाइले बी. त्याइच्या जंगलात बी वाघ हाय. त्या बी मोहाले जातेत."

फोन लावला. लागला नाही, त्या गावात रेंज झाडावर चढल्याशिवाय येत नाही. बुधरीनं काठी घेतली, मंगलीनं दार ओढलं, आणि उन्हं असेपर्यंत पोचायला हवं म्हणून दोघी जवळच्या वाटेनं, जंगलातूनच, निघाल्या.

"आनखी कोनाले सांगतली?" बुधरीनं विचारलं.

मंगली चालता चालता नावं आठवू लागली. नावं संपेनात.