गुळगुळीत पाठ

आमची थोरली काकू धनुष्यं करते. काका होता तोवर लोक तिला धनुष्यवाल्याची बायको म्हणायचे. तो गेल्यावर ‘भडका’ म्हणायला लागले. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून ‘स्वस्तातलं एखादं?’ म्हणालं, की काकू म्हणते, “डोळा स्वस्त आहे का तुझा? मग घे.”

काम असं. तुतीच्या उभ्या चिरलेल्या फाळ्या माळ्यावर दोन वर्षं वाळतात. मग साल काढायची, पांढरं लाकूड काढायचं आणि झाडाच्या एका वर्षाच्या वाढीचा एकच थर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड मोकळा करायचा. ती धनुष्याची पाठ, ओढणाऱ्यापासून लांबची बाजू. गाठ असेल तिथं थर वर येतो, तो उंचवटा तसाच ठेवायचा. म्हणून काकूचं धनुष्य दिसायला ओबडधोबड. पण उंचवटा खरवडला की थर तुटतो, आणि थर तुटलेलं धनुष्य आज नाही तर उद्या फाटणारच, तेही ओढणाऱ्याच्या गालाशी.

धनुष्य ताणून ध्यान शिकवणाऱ्या केंद्राच्या गुरुजींनी बारा धनुष्यं सांगितली होती. आले, हात फिरवला, म्हणाले, “बाई, यावर बोट अडतं. बोट अडलं की मन अडतं.”

“अडू द्या,” काकू म्हणाली. “मोडण्यापेक्षा बरं.”

पुढं गुडघ्यापायी तिला चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं. मागं घरजावई. माणूस वाईट नाही, पण चार लोकांनी चांगलं म्हणावं याची फार हाव.

काकू परत आली ती चप्पल न काढता कारखान्यात शिरली. घासायच्या मशीनखाली पिवळा भुसा पडला होता. तिनं चिमूट उचलली, बोटांत चोळली.

“जावईबापू, हे काय आहे?”

“बाराच्या बारा पाठी घासून दिल्या, आई. आरसा केला आरसा! गुरुजी खूश. काल नेलीसुद्धा.”

काकूनं जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशीही केलं नाही. “अकलेचे कांदे आहात तुम्ही,” ती म्हणाली. “सात वर्षं माझ्या घरात जेवलात आणि लाकडाची पाठ कुठली, पोट कुठलं, तेवढंही शिकला नाहीत? टेम्पो काढा.”

वाटेत मी मागं बसलो होतो. टेम्पोत एक चुकार फाळी पडलेली, तिच्यावर नख ओढून काकूनं जावयाला थर दाखवला. “हा एक. हा दुसरा. तुम्ही कापला तो इथं. इथूनच चीर निघणार.” जावयानं टेम्पोचा वेग वाढवला.

केंद्रात बारा जणी रांगेत उभ्या. धनुष्यं ताणलेली, नजर समोर. गुरुजींनी बोट ओठांवर ठेवलं. “राग बाहेर ठेवून या.”

“खाली करा ती!” काकू ओरडली. “सावकाश! सोडू नका, हळू परत आणा.”

बायांनी दचकून धनुष्यं उतरवली.

“एकही मोडलेलं नाही,” गुरुजी म्हणाले. “तुमची भीती ती तुमची.”

“होय, माझीच. बाण सोडणारीनं समोर बघायचं, असं शिकवता ना? बरोबर शिकवता. धनुष्याकडे बघितलं तर नेम जातो. मग तिच्या वाटणीचं बघणं आधी कुणीतरी करून ठेवावं लागतं. ते माझं काम. तेवढीच माझी पूजा, आणि ती या माणसानं भुशात घातली.” तिनं एक धनुष्य उचलून जावयापुढं धरलं. “ओढा. कानापर्यंत.”

जावयानं धरलं. दोरी वीतभर आली. मान एका बाजूला वळली. त्यानं दोरी हळूहळू परत नेली आणि धनुष्य खाली ठेवलं.

“नाही ओढवत, आई.”

“दुसऱ्यांच्या लेकीसुनांना द्यायला बरं धजलात!”

एकीनं आपलं धनुष्य काकूच्या पायाशी ठेवलं. मग दुसरीनं. गुरुजी गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

“नवीन कधी देणार?”

“लाकूड वाळायला दोन वर्षं. वाळलेलं सगळं या बारांत गेलं.”

“तोवर साधकांनी करायचं काय?”

“नुसते हात पुढं धरून उभं राहा. ध्यानच करायचंय ना? लाकडावाचून अडत असेल, तर ते ध्यान नाही, मिरवणं आहे.”

बाराही धनुष्यं तिनं केंद्राच्या पायरीवर टेकवून टेम्पोतल्या करवतीनं मधोमध कापली. जावई धरायला वाकला, तर म्हणाली, “लांब व्हा. रागात हात चुकतो माझा.”

महिनाभर तिनं त्याच्याशी शब्द काढला नाही. मग एका सकाळी त्याच्यापुढं अर्धवट वाळलेली एक फाळी आणि दोन मुठींची सुरी आदळली. संध्याकाळपर्यंत त्यानं थर मोकळा केला. एका गाठीपाशी सुरी जराशी खोल गेली होती, नखभर. त्यानं स्वतःच ती जागा तिला दाखवली.

काकूनं फाळी चुलीत घातली. “दुसरी घ्या,” ती म्हणाली.