पटकी वाघोलीतून आली म्हणे!

ऋजुता सार्वजनिक आरोग्याचं शिकते. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलंय. आमच्यात बोलायला विषय तसे कमीच. त्यामुळे "पुण्यात पूर्वी आलेली पटकी, म्हणजे कॉलरा, नेमकी कुठून सुरू झाली ते शोधायचंय, येतोस?" असं तिनं विचारल्यावर मी लगेच स्कूटर धुवायला काढली. अट एकच होती. "कुणाशी भांडलास तर तिथूनच निघून जाईन. परत बोलावणार नाही."

आमच्या वाघोलीहून शहरात जायचं तर रविवारीसुद्धा आठच्या आत निघा, नाहीतर नगर रस्त्यावरच म्हातारे व्हाल. ऋजुता सदाशिव पेठेत खोली घेऊन राहते, म्हणून सुरुवात तिथूनच. पूर्वी कात्रजच्या तलावातलं पाणी नळानं पेठांतल्या हौदांत यायचं. लोक तिथेच पाणी भरायचे, तिथेच कपडे आपटायचे. तिचा संशय या हौदांवर. एक काका कुंड्यांना पाणी घालत होते. मी थेट विचारलं, "काका, पटकी तुमच्या हौदातून पसरली का हो?"

"आपण महापालिकेचे?"

"नाही."

"मग एवढ्या वर्षांनी तक्रार घेऊन का आलात? आमचा हौद स्वच्छ होता. पटकी मंडईकडून आली. तिकडे कशाला धरबंध नाही."

माझे कान तापले. ऋजुतानं कोपराला चिमटा काढला. मी "धन्यवाद" म्हणालो आणि तो चिमटा मिसळ संपेपर्यंत जपला. (मिसळ तिखट होती. डोळ्यांतलं पाणी त्याचंच, असं तिला सांगितलंय.)

मंडईत गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास धरूनच चला. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या मावशींना या वेळी ऋजुतानं गोड आवाजात विचारलं.

"आमच्याकडून? अगं, सदाशिव पेठेतले पेंडीत चार काड्या कमी निघाल्या तर परत येतात, ते आमच्याकडून रोग बरा नेतील! पणजी सांगायची, पटकी नगर रस्त्यानं आली. वाघोलीच्या बैलगाड्यांतून."

वाघोली!

"अहो मावशी, वाघोलीतून मेथी येते, पटकी नाही! पुरावा दाखवा!"

गर्दी जमली. शेजारचा कांदेवाला म्हणाला, "काय झालं?"

"हा म्हणतो, यांच्या गावानं पटकी आणली नाही."

"कधी?"

"ते त्यालाच विचार. फार लागलंय त्याला!"

वळून बघतो तर ऋजुता नाही. ती बसथांब्यावर. "मी वाघोलीला चाललेय. तू नाही आलास तरी चालेल." आणि चढली.

मी बसमागे स्कूटर घातली. प्रत्येक सिग्नलला खिडकीतली वेणी दिसायची आणि हिरवा दिवा लागला की बस तिला घेऊन पुढे जायची. नगर रस्त्याच्या ट्रॅफिकला मी आयुष्यात पहिल्यांदाच दुवा दिला.

वाघोलीत मरीआईच्या देवळापाशी तिला गाठलं. मरीआई ही पटकीची देवी. माझी चुलती तिथे दिवा लावत होती. मी मान खाली घालून उभा. ऋजुतानंच विचारलं.

"व्हय, आली हुती की. पुण्याहून!" काकू ठामपणे म्हणाल्या. "मग गावानं मरीआईचा गाडा सजवला, निवद ठिवला, अन् वढत नेऊन पुढच्या गावाच्या शिवंवर सोडला. रोग गाड्यासंगं गेला."

"आणि पुढच्या गावाचं काय झालं?"

"त्यांनी बी पुढं ढकलला आसंल."

ऋजुता इतकी हसली की पायरीवर बसली. मग म्हणाली, "सगळ्यांनी ढकलला. शेवटच्या गावानं कुठे ढकलला असेल?" मग माझ्याकडे वळली, "मंडईत तूही गाडाच ढकलत होतास. उगम बाजूला ठेवते. कोण कुणावर ढकलतं, मी हेच लिहिणार. पुढच्या रविवारी शिवेपलीकडच्या गावात जायचंय. तिथे 'वाघोलीतून आली' असंच म्हणतील. जमेल?"

घरी येऊन विचार करतोय. आमचं गाव निर्दोष आहे, याबद्दल मला आजही शंका नाही. पण रविवारी शिवेपलीकडे कुणी काहीही बोललं, तरी मी म्हणणार आहे, "असेल हो काका, आमच्याकडूनच आली असेल." मग ती माझ्याच स्कूटरवरून परत येईल.