थोरल्या जावेचा गट

मिश्री आणि तंबाखूची सवय असलेल्यांची तोंडं नियमित तपासली, तर कॅन्सरनं मरणारे कमी होतात का, याचा एक मोठा अभ्यास आमच्या भागात सुरू होता. त्यासाठी माणसं जमवायचं काम मला मिळालं. सकाळी शहरातल्या पुंडलिकनगरातून निघायचं, क्रांती चौकात गाडी धरायची आणि देवगाव रंगारी गावात घरोघर फिरायचं. निम्म्या लोकांची तपासणी होणार, निम्म्यांची फक्त माहिती लिहून घ्यायची. कोण कुठल्या गटात, ते माझ्या हातातला टॅब नाणं उडवल्यासारखं ठरवायचा.

एका घरात दोन जावा होत्या, दोघीही मिश्री लावणाऱ्या. संमतीच्या कागदावर धाकटीनं सही केली, थोरलीनं अंगठा दिला. धाकटी तपासणीच्या गटात आली, थोरली दुसऱ्यात. धाकटीला मी शनिवारच्या शिबिराची वेळ सांगितली.

"अन् मी?" थोरलीनं विचारलं.

"मावशी, तुमचं नाव तपासणीत नाही आलं. मी दर वर्षी येईन, तब्येत विचारून जाईन."

"म्हंजे मला काय होतं ते तुमी नुसतं बघणार?"

प्रशिक्षणात पाठ केलेलं उत्तर मी द्यायला लागले. ती दाराच्या उजेडाकडं वळली आणि बोटानं गाल ओढून म्हणाली, "मंग हे बी बघ."

आत नखाएवढा पांढरा चट्टा होता.

"कधीपासून आहे?"

"लई दिस झाले. तिखट लागलं की झोंबतं. डाक्टर बघंल म्हनून तर अंगठा दिला."

'तोंडात काही त्रास आहे का' हा प्रश्न फॉर्ममध्ये होता. मी तो इतर दहा प्रश्नांबरोबर एका दमात विचारला होता, आणि ती काही बोलायच्या आत 'नाही' भरून मोकळी झाले होते.

अंगणात येऊन मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या गटातल्या बाईला हात लावायचा नाही, असं ते म्हणतील अशी भीती होती.

"त्रास असलेल्या माणसाला कसला गट?" ते म्हणाले. "चिठ्ठी द्या, उद्याच पाठवा. फॉर्मवर काय लिहिलंय?"

"त्रास नाही, असं."

"दुरुस्त करा. चूक तुमची, हेही लिहा."

मी लिहिलं. मग आत जाऊन थोरलीला चिठ्ठी दिली.

दुसऱ्या दिवशी दोघी जावा एसटीनं शहरात आल्या. दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर रांगेत थांबले. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण तसाच राहिला असता, तर पुढं होण्याचा धोका होता. चट्टा काढून टाकला आणि मिश्री बंद करायला सांगितली.

महिन्यानं भेटायला गेले, तेव्हा थोरली म्हणाली, "ताई, माझं नाव काढून टाक."

"का हो मावशी?"

"मला तपासून पाहिजे होतं, झालं. आता कशाला?"

नाव काढायचा तिला हक्क होता. मी आग्रह केला नाही. कागदावर अंगठा देऊन ती उठली आणि मला शेजारच्या घरी घेऊन गेली.

"ही बाई चांगली हाय," तिनं शेजारणीला सांगितलं. "पर कुठल्या गटात टाकती ते इचार. अन् तोंडात काय असलं तर आधी बोल, ती इचारायची वाट बघू नको."

शेजारणीनं मला अभ्यासाचं सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "नाव द्यायचं का ते उद्या सांगते."